भोक न पाडलेलं पातेलं

शांता,

मंडळाच्या गणपतीच्या अंकात तुझा फोटो छापणार आहेत. शेजारच्या बाई काल कागद घेऊन आल्या. जन्मतारीख, माहेर, शिक्षण, आवडनिवड, असं एकाखाली एक लिहून आणलेलं, आणि शेवटी दोन ओळी मी सांगायच्या. जन्मतारीख मी काय सांगणार? तुलाच माहीत नव्हती. तुझी आई सांगायची, कपाशीची पहिली वेचणी चालू होती तेव्हा झाली, एवढंच. आवडनिवड मात्र बाईंनी स्वतःच भरून आणली होती. बागकाम, ऋतूप्रमाणे स्वयंपाक, जुनी भांडी जमवणे. वाचून मला हसू आलं. असं लिहिलं की वाटतं कोणी बंगल्यातली बाई होती, माळी ठेवलेला. टोकरखाड्यातली आपली ती पत्र्याची खोली आणि मागची वीस पावलं जागा कोणाच्या डोळ्यापुढे येणार?

बाई म्हणाल्या, "भाऊ, मग तुम्हीच लिहा. शुद्धलेखन मी बघते."

मी चौथी शिकलेला. पण लिहितो. दोन ओळींत तू मावत नाहीस, आणि मला जे सांगायचं आहे तेही मावत नाही. तुला सांगायचं आहे, पण आपल्या खोल्यांच्या ओळीतल्या सगळ्यांसमोर सांगायचं आहे. म्हणून अंकातच.

तुझी-माझी पहिल्यापासूनची भांडणं आठवतात. लोकांची भांडणं सासूवरून होतात, दारूवरून होतात. आपली स्टीलवरून. मी त्र्याऐंशीला मसाटच्या स्टीलच्या कारखान्यात बफिंगला, म्हणजे भांडी मशीनवर घासून चकाकवायला लागलो. सकाळी गोरा जायचा माणूस, संध्याकाळी कोळशाच्या खाणीतून आल्यासारखा यायचा. नाकातून काळं, कानातून काळं. पण हातातून जे निघायचं ते आरशासारखं. ताट घे, डबा घे, तोंड बघून भांग पाडावा. आणि तू त्या स्टीलकडे बघून नाक मुरडायचीस.

दिवाळीला कारखान्यातून सगळ्यांना डब्यांचा सेट मिळायचा. दुसऱ्यांच्या बायका फळीवर मांडायच्या. तू काय करायचीस? पिशवीत घालून बाजारात, भांड्यांच्या दुकानात. तिथं खेड्यापाड्याची माणसं आजीच्या वेळचं पितळ मोडीत घालून स्टील घ्यायला यायची. त्या मोडीच्या ढिगात तू बसायचीस आणि एकेक उचलून ठोकून, वाजवून बघायचीस. सगळी दुनिया पितळ देऊन स्टील नेते आणि तू उलटी, म्हणून दुकानवाला कपाळाला हात लावायचा. "बेन, आखी दुनिया पितळ आपीने स्टील लई जाय, ने तमे ऊंधा?" तू म्हणायचीस, "दुनियाले जाऊ दे. तो वरचा डबा काढ."

घरी आल्यावर मी उखडायचो. "माझ्या हातचं स्टील देऊन लोकांच्या घरचं भंगार आणते!"

"तुमच्या हातच्या ताटात जेवत नाही का मी? जेवते ना? मग झालं. रांधायचं कशात ते मी पाहीन."

असं करत करत घर भरलं. पितळी शेवेचा सोऱ्या, तो तांब्याचा हंडा, एक मापटं, दगडी खल, कान तुटलेली चिनीमातीची बरणी. जवळजवळ प्रत्येक भांड्यावर कोणाचं तरी नाव कोरलेलं. तू ती नावं वाचायला लावायचीस मला. तुला अक्षर येत नव्हतं. मी वाचायचो, "कै. तुळसाबाईच्या स्मरणार्थ," आणि तू ते भांडं जरा हळू ठेवायचीस. म्हणायचीस, कोणाच्या तरी नावचं आहे, आपण नुसतं सांभाळायचं.

मागच्या जागेत काय काय नव्हतं! तुझ्या माहेरची हिरवी लांब वांगी, बी पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. थंडी पडली की भरीत. पण इथं कपाशीच्या काड्या कुठल्या? तू सागाच्या वाळक्या फांद्यांवर वांगी भाजायचीस आणि दरवर्षी तेच म्हणायचीस, "धूर वेगळा लागते." मला काही वेगळं लागायचं नाही. मी तीन भाकऱ्या खायचो आणि तू समोर बसून धुराचं दुःख करायचीस. आता वाटतं, तुला धूर नको होता. तुला घर पाहिजे होतं. मी एकदा जरी सुटीत गावाकडून काड्यांची मोळी आणली असती! दर खेपेला बसच्या टपावर लोक शेळ्या घालून आणायचे, आणि मला मोळीची लाज.

किलवणीची जेठी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन यायची, तिच्याकडून तू कंटोळ्याचे, म्हणजे करटोल्याचे कंद घेतलेस, वाल घेतलास, आणि तिला तुझ्या वांग्याची रोपं दिलीस. ती वारलीत बोलायची, तू खानदेशीत. दोघी तासभर बोलायच्या. काय कळायचं एकमेकींना, देव जाणे. परवा ती आली होती. पाटी खाली ठेवली, ओट्यावर बसली, आणि उठून गेली. जाताना कंटोळी ठेवून गेली. मला ती करता येत नाहीत. सुकली.

आता पातेल्याचं.

ते तू मोडीच्या ढिगाच्या अगदी तळातून काढलंस. तीस-चाळीस माणसांचं, जाड बुडाचं, दोघांनी उचलावं असं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, "चि. गोदू हिस मामाकडून." मी वाचून दाखवलं तर तुझे डोळे भरले. कोण गोदू, कुठली गोदू! तू कल्हईवाल्या चाचांना बोलावून आतून कल्हई करून घेतलीस, आणि त्या वर्षापासून अंबाडीचा रविवार सुरू झाला.

नवीन माणसांना माहीत नसेल म्हणून लिहितो. पावसाळा सरत आला की मागच्या जागेतली अंबाडी कापायला यायची. मग एक रविवार धरून तू त्या पातेल्यात अंबाडीची भाजी करायचीस, तूरडाळ, ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची लाल फोडणी. ओळीतल्या आठही खोल्यांना जेवण. ह्याच शेजारच्या बाई, मूळ कोकणातल्या, आणि त्यांचे यजमान सर आधी म्हणायचे, इतकं आंबट आम्ही खात नाही. दुसऱ्या वर्षी सर शनिवारीच विचारायला आले, "वहिनी, उद्याच ना?" तो दिवस तुझा. त्या दिवशी तू कोणाचं ऐकायची नाहीस, लुगड्याचा पदर खोचून, चुलीपुढं, राणीसारखी.

आठ वर्षांपूर्वी मला काय सुचलं! वाटलं, हिच्या दिवसाला हिचं भांडं चकचकीत करून देऊ. शनिवारी पातेलं सायकलला बांधून कारखान्यात नेलं. सुटी झाल्यावर मशीनवर धरलं. बाहेरून असं निघालं, असं निघालं की सोनं. मग आत बघितलं तर काळपट. म्हटलं, एक हात आतूनही मारू. शांता, माझा हात स्टीलचा. स्टीलला दाबून धरावं लागतं तेव्हा ते उजळतं. कल्हई म्हणजे दुधावरची साय. एका क्षणात बुडाशी पिवळं दिसायला लागलं. मी मशीन बंद केलं. मला कळलं होतं. पंचवीस वर्षं भांड्यात घालवलेला माणूस मी, मला कळलं नाही असं कसं म्हणू? पण मनाशी म्हटलं, तळाला एवढंसं तर गेलंय, एवढ्यानं काय होतं.

घरी आणलं. तू बघितलंस, आणि आधी काठावरून बोट फिरवलं. बोट फिरवतच राहिलीस.

"गोदू कुठे गेली?"

नाव गेलं होतं. बफनं ठिपके पुसून काढले होते. माझ्या ते ध्यानातही नव्हतं.

"कोनं सांगितलं होतं तुम्हाले? अं? कोनं सांगितलं होतं? एका बाईचं नाव होतं ते. पुसून आले!"

"अगं, चमकलं किती ते तर बघ."

"चमकू द्या त्याले चुलीत!" मग जरा थांबून, "आतून त नाही ना हात लावला?"

एवढ्या बोलण्यानंतर माझ्या तोंडून निघालं, "नाही. आतून नाही."

हेच ते. हे मी आठ वर्षं तोंडात धरून बसलो. बाई, शुद्धलेखन बघता बघता इथं पोचला असाल तर थांबू नका. पुढं वाचा.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. स्वयंपाकघराला एक हातभर खिडकी, त्यात ढगाळ सकाळ, पातेलं खोल. तू अंबाडी चढवलीस. आंबट भाजी, उघडं पितळ, दोन तास चूल. पहिल्या घासाला मला चव लागली. तांब्याचा पैसा चाटल्यासारखी. मी बोललो नाही. समोर सर दुसऱ्यांदा वाढून घेत होते, तरी मी बोललो नाही.

दुपारपासून सगळी ओळ ओकायला लागली. पोरं, बाया, सगळी. सरांना तर सलाईन लावावं लागलं. देवाची कृपा, दोन दिवसांत सगळे उठून बसले. पण बोलायला लागले. कोणीतरी नळावर म्हणालं, "भंगारातल्या भांड्यात रांधलं की असंच व्हायचं." आणि मी? मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. सगळ्यांसमोर म्हणालो, "तरी हिला सांगत होतो, पितळ सोड, स्टील वापर. ऐकते कोणाचं!"

पंचवीस वर्षांचं भांडण मी त्या दिवशी जिंकलो. असं जिंकण्यापेक्षा माणसानं मरावं.

तू खाली बघून म्हणालीस, "माझंच चुकलं. कल्हई पाहून घ्यायले पाहिजे होती." आठही दारांत जाऊन तू हात जोडलेस. मी ओट्यावर बसून विडी ओढत होतो.

मग अंबाडीचा रविवार बंद झाला. तू वाटीभर काही शेजारी पाठवलंस तर वाटी धुऊन परत यायची, पण एकदा तुझं भरीत तू स्वतः गटाराच्या कडेला पडलेलं बघितलंस. मला म्हणाली नाहीस. पण त्यानंतर वाटी पाठवली नाहीस. तरी अंबाडी लावायचं सोडलं नाहीस. आपल्या दोघांपुरती कापायचीस, बाकीची उभी वाळून जायची. मी म्हणायचो, "कशाला लावते एवढी?" तू म्हणायचीस, "असू द्या."

आणि पातेल्यात तू माती भरलीस. गवती चहा लावलास. मागच्या दाराशी ठेवलंस, मुद्दाम वाटावं असं, माझ्या येण्याजाण्याच्या वाटेत. रोज सकाळी, "जा, पातेल्यातला चहा तोडून आणा." तू चुलीपासून उठून दोन पावलं गेली असतीस तर हाताशी होता. पण नाही. रोज मीच. आठ वर्षं, रोज सकाळी मी त्या पातेल्यासमोर वाकलो.

पावसाळ्यात आणखी एक काम. पातेल्यात पाणी साठायचं. तू हाक मारायचीस, "धरा." मी एक काठ धरायचा, तू दुसरा. दोघांनी मिळून तिरपं करायचं, पाणी निथळून टाकायचं, परत सरळ. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. कंबर धरायची. मी चिडायचो. "अगं, एक भोक पाड ना बुडाला! डालड्याच्या डब्याला भोक पाडते, फुटक्या बादलीला पाडते, मग यालाच काय धाड भरली?"

"असू द्या. धरा."

मला ते बाईमाणसाचं खूळ वाटायचं. आज कोणी त्या खुळासाठी मला हाक मारली तर मी कंबर मोडेपर्यंत धरेन.

आषाढात तू गेलीस. त्या सकाळी तू चहाचं आधण ठेवलं होतंस आणि नेहमीसारखं म्हणालीस, "जा." मी पाती तोडून आत आलो तर तू भिंतीला टेकून बसलेली. पाती माझ्या हातात राहिली. आधण तसंच उकळत होतं. पाणी आटून जाऊन भांडं जळाल्याचा वास आला तेव्हा कोणीतरी चूल विझवली.

आपली लेक मंगल आली, तेरावं झालं, मंगल तिच्या घरी गेली. बाप आहे, राहील कसा म्हणून रडली. मी म्हटलं, जा, पोरांच्या शाळा आहेत. मग पाऊस लागला तो चार दिवस थांबलाच नाही. पातेलं काठोकाठ भरलं. गवती चहाची पाती पिवळी पडायला लागली. मी एकट्यानं तिरपं करायला गेलो, हललं नाही. ओळीत कोणाला हाक मारावी? त्या पातेल्याला हात लावा असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

मग मला राग आला. तुझाच. म्हटलं, हिच्या खुळापायी मी म्हातारा झालो. मोठा खिळा घेतला, हातोडी घेतली. हातानं माती बाजूला केली, मुळं इतकी घट्ट की आखं रोपच गठ्ठ्यासारखं वर आलं. पाणी उपसलं. बुडाला खिळा लावला.

आणि हातोडी वरच राहिली.

बुडाला माझ्या बफची वर्तुळं दिसत होती. हिरवी पडलेली, पण दिसत होती. मला माझा हात ओळखू येतो, शांता. तुला ओळखू आला नसेल? त्या रविवारी सगळे ओकून पडले असताना ते पातेलं तूच घासलंस. उजेडात, मागच्या दाराशी. चाळीस वर्षं भांडी घासलेल्या तुझ्या बोटांना कळलं नाही असं मी मानत आलो, कारण ते मानणं मला सोयीचं होतं. तू बघितलंस, आणि उठून आठ दारांत हात जोडायला गेलीस.

झिजलेल्या कल्हईचा दोष तू स्वतःवर घेतलास. आणि भांड्याला भोक पाडू दिलं नाहीस. भोक पडलं की पातेलं संपलं, मग ती कुंडी. भोक नाही तोवर ते पातेलंच. कधीही माती काढावी, कल्हई करावी, चुलीवर चढवावं. फक्त कोणीतरी एक शब्द बोलायचा बाकी होता. ते कोणीतरी रोज सकाळी त्याच्यासमोर वाकून पाती तोडून आणत होतं आणि चहा पिऊन कारखान्यात जात होतं.

तू का विचारलं नाहीस गं? एकदा तरी तोंडावर फेकायचंस. भांडायला कमी होतीस का तू? धुरावरून भांडलीस, गोदूच्या नावावरून भांडलीस. यावरूनच का नाही? ह्या एका गोष्टीचा मला अजून राग आहे. आणि राग करायला समोर कोणी नाही.

मी पातेलं हातगाडीवर घालून चाचांकडे नेलं. ते आता थकले आहेत, बाजारामागं बसतात, भाता नातू ओढतो. त्यांनी बूड ठोकून बघितलं, तू ठोकायचीस तसंच.

म्हणाले, "बेन का पातेला है. हर साल आके पूछती थी, चाचा, मिट्टी में रखने से खराब तो नहीं होगा? कल्हई फिर बैठेगी ना? मैं बोलता था, बैठेगी, लेकर तो आओ. बोलती थी, लाऊंगी, अभी टाइम है."

मी तिथंच भट्टीशेजारी बसलो. चाचांनी बूड तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं. एका दमात आतलं सगळं चांदीसारखं झालं. तू दरवेळी तो धूर बघायला पुढं पुढं जायचीस आणि ठसकायचीस. मी पण ठसकलो. चाचांना वाटलं धुरानं.

गवती चहा मी मागच्या जागेत जमिनीत लावला आहे. धरलाय. नवी पाती फुटली.

तर बाई, सर, आणि ओळीतले सगळे. त्या रविवारी तुम्हाला ओकायला लावलं ते शांतानं नाही. मी. भांडं मी खरवडलं, खोटं मी बोललो, चव लागूनही गप्प मी बसलो, आणि वर तिलाच बोल लावला. माफी मागायची रीत मला माहीत नाही. ती आठ दारं फिरली होती. मीही फिरणार आहे, अंक हातात पडायच्या आधी. म्हणजे कोणी छापलेलं वाचून समजलं असं नको व्हायला.

जाताना तिनं अंबाडी पेरून ठेवली होती. नेहमीसारखीच, आठ घरांना पुरेल एवढी. आता गुडघ्याच्या वर आली आहे. विसर्जनानंतरच्या रविवारी मी ती रांधणार आहे. मला येत नाही, पण इतकी वर्षं समोर बसून बघितली आहे. मीठ कमी पडलं तर सांगा. ज्याला भीती वाटत असेल त्यानं आधी पातेल्यात वाकून बघावं, उजेडात. पहिला घास मी खाईन.

आणि शांता, काठावर चाचांकडून ठिपके पाडून घेतले आहेत. गोदूचं नाव परत घातलं. त्याच्याखाली तुझं. तुला वाचता आलं नसतं, मी वाचून दाखवलं असतं.

एकच अडलं आहे. भरलेलं पातेलं चुलीवरून उतरवायला दोन माणसं लागतात. एक काठ मी धरेन. कान मात्र मागच्या दाराकडे लागून राहतील, तू "धरा" म्हणतेस का म्हणून.